जुलाबाचं बाळ दिसलं की आधी काय करायचं

अगं, दिघ्याच्या वस्तीत पावसाळ्यात पहिल्यांदा फिरशील तेव्हा पिशवीत दुसरं काही नसलं तरी ओआरएस (पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पूड) आणि झिंकच्या गोळ्या हव्यातच. जुलाब थांबवायच्या मागे लागू नकोस. बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने.

खरी गडबड पाणी मोजण्यात होते. आया पेलाभर पाण्यात चिमूटभर पूड टाकतात. मोठी पुडी अख्खी, एक लिटर पाण्यात. बिसलेरीची एक लिटरची रिकामी बाटली मापाला उत्तम. तिच्यासमोर तू स्वतः कालव, नुसतं सांगून भागत नाही. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दुकानातलं गोड सरबत नको, त्याने जुलाब वाढतात.

झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवर रोज २० मिग्रॅची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांत अर्धी गोळी. जुलाब थांबले की आया गोळी बंद करतात, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा दार वाजव. अंगावरचं दूध चालूच. मोठ्याला मऊ भात, वरण. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवणाऱ्या आज्यांशी गोड बोलून लढावं लागतं!

मेडिकलवाल्याचं जुलाब बंद करायचं औषध बाळाला नाहीच. शौचात रक्त, डोळे खोल, बाळ मलूल, पीत नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसते: दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलाव आणि वाटेतही ओआरएस पाजत राहा.