प्रत्येक यशस्वी रिक्वेस्टला २०० च पाठवले तर काय बिघडते?

काम यशस्वी झाले की सर्व्हरने दर वेळी २०० हाच एचटीटीपी स्टेटस कोड (रिक्वेस्टचे काय झाले ते सांगणारा, उत्तरासोबतचा तीन अंकी आकडा) पाठवला तरी ॲप चालतेच, मग २०१, २०२, २०४ हे कोड कशाला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते हवेत, कारण स्टेटस कोड हा मुख्यतः उत्तराचा मजकूर न उघडता निर्णय घेणाऱ्यांसाठी असतो. कॅश (उत्तरे साठवून पुन्हा देणारी यंत्रणा), प्रॉक्सी (मधला सर्व्हर) किंवा मॉनिटरिंगची साधने आपल्या जेसनच्या (उत्तरातील डेटा लिहिण्याच्या स्वरूपाच्या) आत काय लिहिले आहे, हे सहसा पाहत नाहीत.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एका जुन्या प्रकल्पात आमचा एपीआय (ॲपच्या रिक्वेस्टना उत्तरे देणारा सर्व्हरचा भाग) अपयश आले तरी २०० पाठवून मजकुरात फक्त त्रुटीचा संदेश लिहीत असे. एकदा डेटाबेस बंद पडला, तेव्हा ती त्रुटीची उत्तरे यशस्वी समजून कॅशमध्ये साठवली गेली; डेटाबेस सुरू झाल्यावरही काही जणांना तोच संदेश दिसत राहिला आणि मॉनिटरिंगचा आलेख मात्र सारा वेळ हिरवागार होता.

यशाचेही प्रकार असतात. पोस्ट (सर्व्हरकडे डेटा पाठवणाऱ्या) रिक्वेस्टमुळे नवी नोंद तयार झाली तर २०१ पाठवावे आणि लोकेशन हेडरमध्ये (हेडर म्हणजे मजकुरासोबत जाणारी माहितीची ओळ) तिचा पत्ता द्यावा. पुट (दिलेल्या पत्त्यावर नोंद ठेवणाऱ्या) रिक्वेस्टने नोंद नव्याने तयार झाली तर २०१, आणि आधीची बदलली तर २०० किंवा २०४. २०२ चा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो: काम स्वीकारले आहे, पण पूर्ण झालेले नाही, पुढे ते फसूही शकते, एवढेच तो सांगतो. मोठा अहवाल किंवा व्हिडिओचे रूपांतर रांगेत टाकताना तो योग्य ठरतो, मात्र प्रगती कोठे पाहायची त्याचा दुवा सोबत द्यावा.

२०४ मध्ये मजकूर नसतोच. नोंद पुसल्यावर तो सोयीचा आहे. पण फेच हे रिक्वेस्ट पाठवणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन वापरताना २०० ते २९९ मधील प्रत्येक कोडला ओके हा गुणधर्म खरा येतो, आणि तेवढ्यावर विसंबून रिकाम्या उत्तरावर जेसन वाचायला गेलात तर अपवाद फेकला जातो. ही चूक मी एकाहून अधिक वेळा केली आहे.

२०६ बहुधा वेब सर्व्हरच हाताळतो. व्हिडिओ पुढे सरकवला किंवा अर्धवट डाउनलोड पुन्हा सुरू केले की ब्राउझर रेंज हेडरने फाइलचा ठरावीक भाग मागतो आणि तेवढाच भाग २०६ सोबत येतो. सर्व्हरने रेंजकडे दुर्लक्ष केले तर २०० सोबत संपूर्ण फाइल येते. अशा वेळी कोड न तपासता आलेले बाइट जुन्या तुकड्याला जोडले तर फाइल बिघडते. २०३ आणि २०५ क्वचितच लागतात, तर २०७ वेबडॅवसाठी (सर्व्हरवरील फाइली एचटीटीपीने हाताळण्याच्या पद्धतीसाठी) आहे.

जून २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकानुसार २ ने सुरू होणारा अनोळखी कोड क्लायंटने २०० सारखाच मानायचा असतो. त्यामुळे आपला सध्याचा क्लायंट जर नेमका २०० शीच तुलना करत असेल, तर सर्व्हर बदलण्यापूर्वी ती अट दुरुस्त करावी. नंतर आधी २०१ आणि २०४ आणावेत, आणि रांगेत जाणारी कामे असतील तरच २०२ कडे वळावे.