आयकर रिफंडच्या मेसेजमध्ये दिलेला खाते क्रमांक माझा नाही. लिंकवर जाऊन दुरुस्त करू का?

नका करू. तो क्रमांक चुकून चुकलेला नाही, मुद्दाम चुकीचा टाकलाय. लिंकवर जाऊन माहिती भरून झाली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. आधी बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

2023 मध्ये असाच एक मेसेज फिरत होता. 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर, अमुक खात्यात जमा होईल, खातं चुकीचं असल्यास खालच्या लिंकवर दुरुस्त करा. पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, तो बनावट असल्याचं जाहीर केलं होतं. त्यातली मेख बघा. कुणी थेट खाते क्रमांक मागितला की आपण सावध होतो. इथे काही मागितलेलंच नाही, फक्त आपले पैसे भलत्याच्या खात्यात चाललेत असं दाखवलंय. मग आपणच धावत जाऊन सगळं भरून देतो. रक्कमसुद्धा गोल नाही, कुणीतरी बसून हिशेब केल्यासारखी. माझाही अंगठा क्षणभर लिंकवर रेंगाळला होता. मग आठवलं, त्या वर्षी मलाच उलट कर भरावा लागला होता. रिफंड कशाचा?

रिफंड येतो तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुम्ही आधी पडताळून घेतलेल्या खात्यातच. बदल करायचा तर पत्ता स्वतः टाइप करून जा: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. 'इन्कमटॅक्स' हा शब्द कुठल्याही पत्त्यात घुसडता येतो, म्हणून शेवट नीट बघा.

नोटिशीची पीडीएफ आली तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, पोर्टलवर तपासा, लॉगिनही लागत नाही. नुसता छापलेला क्रमांक बघून विश्वास ठेवू नका.

खरं सांगू, मला जास्त भीती वाटते ती 'मोठा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे' म्हणणाऱ्या एजंटची. कर कमी दिसावा म्हणून तो तुमच्या विवरणपत्रात न दिलेल्या देणग्या आणि न भरलेलं घरभाडं दाखवतो. रिफंड खरोखरच येतो, त्यामुळे फसलोय हे कळतच नाही. पुढे नोटीस निघते ती तुमच्या पॅनवर: कर, व्याज, शिवाय बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या एजंटने तर पोर्टलवर ईमेल स्वतःचाच टाकला होता. नोटिशी महिनोन्‌महिने तिकडेच जात राहिल्या. तेव्हा पोर्टल उघडाल तेव्हा प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तुमचेच आहेत ना, तेही बघून घ्या.