मोबाइल काढून घ्या म्हणाले, आणि ती यायचीच बंद झाली

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरच्या वस्तीत दर बुधवारी मी अंगणवाडीच्या खोलीत बसते. मुलं खिचडी खाऊन घरी गेली की मदतनीस सतरंजी झटकते आणि त्याच सतरंजीवर आमचं समुपदेशन चालतं. येणाऱ्या बहुतेक आयांची काळजी एकच असते: "पोरगं तीन वर्षांचं व्हायला आलं, बोलत नाही. मोबाइलमुळे झालं का? माझंच चुकलं का?"

मागच्या पावसाळ्यात याच प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं. (घराची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

आई जालन्याकडची, पंचविशीतली. मुलगा पावणेतीन वर्षांचा, घरी सगळे त्याला बाळ्या म्हणतात. त्याला कडेवर घेऊन आली होती नऊ वर्षांची बहीण. बाळ्या एकही शब्द बोलत नव्हता. काही हवं असलं की बोट दाखवायचा, नाहीतर बहिणीचा फ्रॉक ओढायचा. घरचे आणि शेजारचे उपाय करून झाले होते. वेखंड उगाळून जिभेला लावलं होतं. जिभेखालचा दोरा कापून घे, असं एकीने सुचवलं होतं. गावाहून सासू फोनवर सांगत होती की याचा बापही पाचव्या वर्षी बोलला, गप्प बस.

मी विचारलं, मोबाइल किती वेळ बघतो?

"दिसभर."

झालं. माझं भाषण तयारच होतं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलंय, दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. उद्यापासून मोबाइल बंद. तिने मान हलवली, बाळ्याचं नाक पदराने पुसलं आणि गेली. पुढचे दोन बुधवार ती आली नाही.

तिसऱ्या बुधवारी सेविकाताईच मला म्हणाल्या, "मॅडम, तिचं घर बघितलंय का तुम्ही? एकदा या. पाण्याच्या टायमाला नको, अकरानंतर या."

घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. वर पत्रा, आत एक पंखा. दारातच लसणाची गोणी उघडी पडलेली. कांदा-बटाटा मार्केटमधून ठेकेदाराचा माणूस गोण्या टाकून जातो, बायका घरी लसूण सोलतात आणि संध्याकाळी किलोवर पैसे मिळतात. आई आणि मुलगी उजेडासाठी उंबऱ्यापाशी बसल्या होत्या, दोघींच्या हातात सुऱ्या. मुलीच्या बोटांची टोकं लाल झालेली. लसणाने आग होते म्हणून मधून मधून खोबरेल लावत होती. त्या दिवशी शाळेचा वार होता.

आत भिंतीशी बाप झोपलेला. रात्रभर मार्केटला गाड्या खाली करतो, तोही हमालांच्या टोळीत नाव नसलेला, बोलावलं तर काम. सकाळी सातला येतो आणि दुपारपर्यंत झोपतो. तेवढा वेळ त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही. आईने माझ्याशीही खुणेनेच बोलायला सुरुवात केली. आणि कोपऱ्यात पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर कार्टून चालू होतं, आवाज पूर्ण बंद करून.

मी दारातच बसले. आई कुजबुजत म्हणाली, "तुमी सांगितल्यावर दोन दिस बंद केला वं. तर ते सुरीकडं धावायचं. न्हाईतर भाईर, गटारीकडं. मग रडलं, हे उठले, त्याला मारलं, मलाबी. मग दिला परत."

मोबाइलने त्या घरात कुंपणाचं काम केलं होतं. सुरी, उघडी गटार आणि झोपमोड झालेला बाप, या तिन्हींपासून त्याने मुलाला लांब ठेवलं होतं. तिला मोबाइल बंद करायला सांगताना या तिन्हींतलं मी काहीच विचारलं नव्हतं. आम्हा समुपदेशकांना मोबाइल फार सोयीचा असतो, एक बोट दाखवलं की काम झालं. हात उगारल्याबद्दल बापाशी मी नंतर स्वतंत्रपणे बोलले, एकदा नाही, बऱ्याचदा. ती गोष्ट वेगळी आणि लांबची आहे.

तेवढ्यात गल्लीतून भांडीवाला हाका मारत गेला. बहिणीने मान वर केली. बाळ्याचं कार्टून संपलेलं, तो रिकामाच बसला होता, पण वळला नाही. मी मागून हळू आवाजात "बाळ्या" म्हटलं. काही नाही. जरा मोठ्याने म्हटल्यावर वळून हसला.

कानाला काही झालं होतं का, असं विचारलं तेव्हा आईने सहज सांगितलं की पावसात दोन्ही कान वाहतात. मग ती लसूण तेलात कढवून कोमट तेल कानात सोडते. लसणाची घरात काय कमी!

एवढे दिवस हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण त्या घरात सगळंच बिनआवाजाचं होतं. आई खुणेने बोलायची, मोबाइल मुका. ऐकू येत नसेल तर कळणार कुठून? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासतं, पण बाळ्याचं नाव अजून गावाकडच्या अंगणवाडीतच होतं.

म्हणून आता मी पहिल्याच भेटीत मोबाइलचं विचारत नाही, कानांचं विचारते. मागून हाक मारल्यावर वळतो का? कान फुटतो का? त्यानंतर बाकीचं: डोळ्याला डोळा देतो का, बोटाने काही दाखवतो का, आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवायला घेऊन येतो का? हे नसेल तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) वेगळी तपासणी, आणि तीही लगेच. दोन वर्षांच्या मुलाने "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडायला हवेत. जोडत नसेल तर सासूच्या फोनवर विसंबून पाचव्या वर्षाची वाट बघू नका.

बाळ्याला आधी वाशीच्या महापालिका रुग्णालयात नेलं, मग ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. वडाळ्याला गाडी बदलावी लागते. खाडीपलीकडे ती पहिल्यांदाच जात होती, म्हणून मी सोबत गेले. दोन दिवसांचा लसूण बुडाला, शिवाय त्याच आठवड्यात बचत गटाचा हप्ता. लोक म्हणतात, आईबाप मुलाला दाखवायला नेत नाहीत. त्यांनी हा हिशोबही धरावा.

कानांच्या दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलं होतं. पूर्ण बहिरेपण नव्हतं, पण पाण्याखाली बुडी मारून ऐकावं तसं त्याला ऐकू येत असणार. कुजबुज तर नाहीच. डॉक्टरांनी औषध दिलं, तेल बंद करायला सांगितलं, तीन महिन्यांनी परत बोलावलं. पाणी हटलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाले.

घरातलं काम मग सेविकाताई आणि मी वाटून घेतलं. त्यांनी बाळ्याचं नाव इथे लावून घेतलं. सोलायची जागा उंबऱ्यावरून बाहेरच्या ओट्यावर नेली, कारण तिथे बोलता येतं. सुऱ्या दोघींच्याच हातात राहतील आणि बाळ्याकडे फक्त सोललेल्या पाकळ्या येतील, असं ठरलं.

आणि त्या पाकळ्यांवरच बोलणं सुरू केलं. आईने एक पाकळी त्याच्या तोंडासमोर धरायची आणि म्हणायचं, "टाक." त्याने ती टोपल्यात टाकायची. मग तिने पुढची धरायची आणि काही न बोलता मनात पाचपर्यंत मोजायचं. हे मोजणं सगळ्यांत अवघड. आपल्याला राहवत नाही, "बोल ना, बोल की, टाक म्हण" सुरू होतं आणि मूल तोंड फिरवतं. त्याने नुसता "ट" केला तरी पाकळी द्यायची आणि म्हणायचं, "टाक. मोठी टाक." तो जेवढं बोलेल त्याच्यापुढे फक्त एक शब्द. चौथ्या दिवशी बहीण आईपेक्षा तरबेज झाली होती.

बाप मात्र "बायकांची कामं" म्हणून लांबच होता. पण संध्याकाळी कामाला निघण्याआधी तो बाळ्याला गोणीसारखा खांद्यावर टाकून गल्लीच्या तोंडापर्यंत नेतो, हे मी पाहिलं होतं. त्याला एवढंच सांगितलं, उचलताना रोज तोच शब्द म्हणा, मोठ्याने, आणि जरा थांबून उचला. मार्केटमधल्या माणसाला ते शिकवावं लागलं नाही. दिवाळीनंतर कधीतरी बाळ्या त्याच्या पायाशी हात वर करून उभा राहिला आणि "उच" म्हणाला. बापाने मला ते स्वतः येऊन सांगितलं, दारातूनच.

मोबाइल पूर्ण सुटलेला नाही. स्वयंपाकाच्या वेळी चालतो, पण आता आवाजासकट, आणि बहीण बाजूला बसते. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत एक कान मोकळा होता, दुसऱ्याचं अजून बघायचंय. बाळ्या तीन वर्षांचा झाल्यापासून अंगणवाडीत बसतो आणि खिचडीची दुसरी वाटी मागतो. बहिणीला दुपारच्या शाळेत घातलं, पण सकाळचा लसूण तिचा सुटलेला नाही. सोडवता येईल एवढे पैसे त्या घरात नाहीत. शाळेला जाताना ती बोटं लपवते.

मार्चमध्ये आई सतरंजीवर येऊन बसली ती तक्रार घेऊनच. "मॅडम, आता हे सकाळपासून वरडतंय. ह्यांची झोप व्हईना. काय करू?"

मी म्हटलं, ओट्यावर घेऊन बसा.

"ओट्यावर आता नऊलाच ऊन येतंय," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी उठून जुनी ताडपत्री कुठे मिळते ते विचारायला निघालो.