होडीवरचे पांढरे ठिपके

प्रश्न : ताई, मी दिवाळे कोळीवाड्यातली. बाबांनी होडी विकली, तिची आठवण म्हणून मी मातीची फूटभर होडी केली. खाडीचं काहीतरी तिच्यात असावं म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून टेराकोटाच्या मातीत मिसळल्या. भट्टीतून होडी अखंड निघाली. पण आठवड्याभरात, ऐन पावसात, तिच्या अंगावरून टवके उडू लागले. प्रत्येक टवक्याखाली पांढरा ठिपका. माती चुकली की भट्टी?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : माती आणि भट्टी दोन्ही ठीक आहेत. तो ठिपका चुन्याचा आहे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साडेआठशे-नऊशे अंशांच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची माती उडवतो. ही होडी आता वाचणार नाही. बाबांची होडी म्हणून केलेली, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो.

पण याच चुन्यानं आपल्या किनाऱ्यावर भिंती उभ्या राहिल्या. कोकणात शिंपले भाजून चुना करायची जुनी रीत आहे. फरक क्रमाचा आहे. गवंडी चुना आधी पाण्यात विरवतो, मग वापरतो. तुमच्या होडीत तो जागेवर बसल्यानंतर विरतोय.

तेव्हा शिंपला सोडू नका, त्याची जागा बदला. मी शिंपल्याच्या पोटात चायना क्ले आणि ॲल्युमिना (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) यांचा गोळा दाबून भरते, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप दिलेली होडी त्यावर आडवी टेकवते आणि १,२४० अंशांना स्टोनवेअर, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी माती, भाजते. नंतर पाण्यात ठेवलं की शिंपला विरून जातो, ग्लेझवर त्याच्या रेघा उमटलेल्या राहतात. हातमोजे आणि चष्मा घालाच, कळीचा चुना पाण्यात चांगलाच तापतो.

खाडीचा गाळही वापरा, पण कांदळवनात उकरू नका. ओहोटीला होडीच्या बुडाला चिकटलेला खरवडून घेतला तरी पुरतो. वाळवून, चाळून, पाण्यात कालवून कच्च्या भाजलेल्या स्टोनवेअरवर पातळ लावायचा. लोह आणि क्षारांमुळे तो वितळतो. माझ्या भट्टीत त्याचा काळपट तपकिरी रंग येतो, डांबर फासलेल्या होडीसारखा. आधी छोट्या तुकड्यावर बघा, कारण जाड लागला तर ओघळून भट्टीतल्या फळीला चिकटतो.

आकारासाठी एकदा बोरिवलीजवळ एकसरला जाऊन या. तिथल्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, जहाजांची लढाई कोरली आहे, वल्ह्यांची ओळच्या ओळ. मी तिथे बसून चित्रं काढली, तेव्हा कळलं की त्या वल्ह्यांच्या लयीनंच दगडातलं जहाज पुढे सरकतं. त्याआधी मी वल्ही वेगळी करून चिकटवायचे, ती वाळतानाच तडकायची. आता अंगावरच कोरते. तुमच्या होडीलाही ती तशीच शोभतील.

बूड अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि पावसाळ्यात प्लास्टिकखाली दहा-बारा दिवस तरी हळूहळू वाळू द्या. जुन्या होडीचा चुरा नव्या मातीत घालायचा मोह होईल, मलाही झाला असता. घालू नका, तो चुना त्यात अजून आहे.