टचस्क्रीन घ्यायची का? आधी बिजागरी बघा

प्रश्न : नवीन लॅपटॉप घ्यायचाय. एकच मॉडेल दोन प्रकारांत मिळतंय, एक साध्या स्क्रीनचं आणि एक टचस्क्रीनचं. प्रोसेसर, रॅम सगळं सेम, फक्त टचवालं महाग आहे. माझं काम म्हणजे दिवसभर एक्सेल आणि मेल, रात्री थोडं वाचन. मुलगा म्हणतो आता टच नसलेला लॅपटॉप कोण घेतं, मिस्टर म्हणतात कशाला हवीत ती थेरं. एकदा घेतला की पाच-सहा वर्षं तोच वापरणार, म्हणून नीट विचारून घ्यावं म्हटलं.

उत्तर : ताई, तुम्ही प्रोसेसर लिहिलात, रॅम लिहिलीत, पण तो लॅपटॉप उघडतो किती ते नाही लिहिलंत, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे. काही लॅपटॉपची बिजागरी पूर्ण मागे फिरते, म्हणजे स्क्रीन उलटी वळवून पाठीला लावली की हातात टॅबलेट तयार. असले टू-इन-वन 2012 पासून बाजारात नीट दिसायला लागले, विंडोज 8 त्याच वर्षी आलं आणि ते मुळात बोटाने वापरायचं म्हणूनच बनवलं होतं. साधी बिजागरी मात्र काटकोनापेक्षा थोडी जास्त उघडून थांबते, स्क्रीन कायम तुमच्यासमोर भिंतीसारखी उभी. आणि उभ्या स्क्रीनवर बोटाने काम करायचं म्हणजे हात हवेत धरायचा, कोपराला खाली टेकू नाही. पाच मिनिटं काही वाटत नाही पण नंतर खांदा भरून येतो, या दुखण्याला संगणकवाल्यांनी ‘गोरिला आर्म’ असं नावच ठेवलंय. उभ्या टचस्क्रीनचा कॉम्प्युटर काही आजचा नाही, एचपीने 1983 मध्येच एचपी-150 नावाचा काढला होता. पुढे 2010 मध्ये अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीही हेच सांगितलं की उभ्या पडद्यावर टच हाताला झेपत नाही, टच आडव्या पृष्ठभागावरच बरा.

मी स्वतः चार वर्षं साध्या बिजागरीचा टच लॅपटॉप वापरलाय. पहिला आठवडाभर सगळीकडे बोट लावून झालं, मग हळूहळू हात आपोआप टचपॅडवर परत गेला. एक्सेलचंच बघा ना, कॉलम रुंद करायचा असेल तर कॉलमच्या डोक्यावरच्या दोन अक्षरांच्या मधली ती बारीक रेघ धरून ओढावी लागते, माऊसचा बाण तिथे गेला की त्याचं रूप बदलतं आणि आपल्याला कळतं की हां, पकडली, पण बोट ठेवलं की रेघच बोटाखाली जाते, शेजारचे कॉलमही झाकले जातात, मग आपण अंदाजाने ओढतो आणि भलताच सेल सिलेक्ट होतो. शिवाय प्रत्येक वेळी बोट टेकलं की झाकण किंचित मागे जाऊन परत येतं, अक्षरं क्षणभर हलतात, आणि माझ्याकडे तर संध्याकाळपर्यंत स्क्रीन बोटभर मागे कललेली असायची, ती पुढे ओढून परत कामाला लागायचं. चार वर्षांत टचचा खरा उपयोग कुठे झाला म्हणाल तर लांबलचक लेख वाचताना पानं सरकवायला, बस.

मुलाला एवढं सांगा की दोन बोटांनी पान सरकवणं, चिमटीने झूम करणं, तीन बोटांनी एका विंडोतून दुसरीत जाणं हे सगळं आजकालच्या चांगल्या टचपॅडवर होतंच, त्यासाठी स्क्रीनला हात लावायची गरज नाही.

आता जे जास्तीचे पैसे जातात त्याशिवाय आणखी काय काय मागे लागतं तेही सांगते. टचस्क्रीनवर बहुतेक वेळा चकचकीत काच असते, पाठीमागे खिडकी असली की एक्सेलच्या आकड्यांवर आपलाच चेहरा दिसत राहतो, साध्या स्क्रीनमध्ये मॅट सहज मिळते आणि दिवसभर आकडे बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना तीच बरी. बोटांचे ठसे तर असतातच, काळं पान उघडलं की सगळे वर दिसतात. टचचा थर बोट कुठे लागतंय का हे सतत तपासत बसतो, तुम्ही हात लावा न लावा, त्यामुळे बॅटरी थोडी जास्त जाते, फार नाही पण जाते. वजनही काचेमुळे थोडं वाढतं. आणि काच फुटलीच तर बऱ्याच मॉडेलमध्ये काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेला असतो, नुसती वरची काच बदलून मिळत नाही, अख्खा भाग बदलावा लागतो.

म्हणून तुमच्या कामासाठी मी सरळ सांगेन, साधी स्क्रीन घ्या आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या मुख्य बोर्डलाच कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, तेव्हा पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर घेतानाच जास्त घेतलेली बरी. मन अजून टचकडेच ओढत असेल तर दुकानात बघायला चालू ठेवलेलं मशीन मागा, घरी बसता तेवढ्याच अंतरावर ठेवा आणि दहा मिनिटं फक्त बोटाने काम करून बघा, लाजू नका, विकत तुम्ही घेताय.

प्रश्न : टच लॅपटॉप घेतला, गणिताच्या नोट्स हाताने लिहायच्या म्हणून. पण दुसऱ्याकडून आणलेला पेन यावर चालतच नाही, आणि बाजारातला रबरी टोकाचा घेतला तर अक्षर जाड येतं, हात टेकला की भलतीकडे रेघा उठतात. लॅपटॉप खराब आहे का?

उत्तर : लॅपटॉप खराब नाही, पण घेताना हे कोणीतरी सांगायला हवं होतं आणि कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण तुमच्यासारखे विद्यार्थी नेमके पेनसाठीच पैसे भरतात. बोट ओळखणं आणि पेन ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबरी टोकाचा पेन म्हणजे स्क्रीनच्या लेखी दुसरं बोटच, ती त्याच्यात आणि तुमच्या तळहातात फरक करू शकत नाही, म्हणून त्या रेघा. खऱ्या लिखाणाला अ‍ॅक्टिव्ह पेन लागतो, तो स्वतः सिग्नल पाठवतो, पेन जवळ आला की स्क्रीन तळहाताकडे दुर्लक्ष करते, आणि दाब कमी-जास्त केला की रेघही बारीक-जाड होते. पण या पेनांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, मायक्रोसॉफ्टची एमपीपी, वॅकॉमची एईएस, आणि क्रोमबुकवर, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोम ओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, जास्त करून यूएसआय, एका भाषेचा पेन दुसरी भाषा बोलणाऱ्या स्क्रीनवर चालत नाही. काही पेन एमपीपी आणि एईएस दोन्ही बोलतात, असा मिळाला तर उत्तम. कंपनीच्या साइटवर तुमच्या अचूक मॉडेल नंबरचं पान उघडा आणि पेन सपोर्ट लिहिलाय का, कुठला लिहिलाय ते बघा. लिहिला असेल तर तोच पेन आणा, तुमचं काम होईल. पेनचं नावच नसेल तर त्या स्क्रीनवर नीट लिहिता येणार नाही, मग लॅपटॉपला यूएसबीने जोडायची वेगळी पेन टॅबलेट घ्या, ती टेबलावर आडवी असते, हात टेकून लिहिता येतं, गणितं सोडवायला खरंच छान पडते.

बिजागरी पूर्ण फिरते आणि पेनही चालतो असा लॅपटॉप असेल तर मात्र मी टचच्या पूर्ण बाजूने आहे. शिकवणारे, आकृत्या काढणारे, पीडीएफवर सह्या आणि खुणा करणारे, यांनी जरूर घ्यावा. आणि ज्यांची बोटं थरथरतात किंवा टचपॅडवर बाण नेमका नेता येत नाही त्यांना मोठ्या बटणावर थेट बोट ठेवता येणं ही फार मोठी सोय आहे, तिथे बिजागरी वगैरे बघत बसू नका.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर आपोआप क्लिक होतात, पान स्वतःच सरकतं. टच बंद करता येतो का?

उत्तर : येतो. आधी लॅपटॉप बंद करून स्क्रीन मऊ कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, कधीकधी ओलसर डाग किंवा नीट न बसलेला स्क्रीन गार्डही असं करतो, गार्ड असेल तर काढून बघा. तरी थांबलं नाही तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, ह्युमन इंटरफेस डिव्हाइसेस या यादीत एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन अशी ओळ असेल, तिच्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. क्लिक थांबले तर दोष टचच्या थरात आहे, लॅपटॉप तसाच साध्या स्क्रीनसारखा वापरत राहा, बाकी कशाला धक्का लागत नाही. परत हवा असेल तेव्हा तिथेच एनेबल करायचं.