तंत्रज्ञानामुळे शब्दकोश तयार करण्याची पद्धत किती बदलली? आता कोशकारांची गरज उरली आहे का?

शब्द शोधण्याचे आणि नोंदी क्रमाने लावण्याचे काम पार बदलले आहे. अर्थ ठरवण्याचे काम बदललेले नाही, आणि ज्यांना यातला फरक कळत नाही त्यांनी कोशाच्या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहण्यासाठी पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे. आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश घरबसल्या चाळता येतात, याचे मोल मी जाणते.

मी एका बोलीकोशाच्या कामावर बरीच वर्षे होते. तिथे प्रत्येक शब्दासाठी कागदाची एक चिठ्ठी असे. तिच्या पुढच्या बाजूला शब्द, त्याचे व्याकरण आणि अर्थ असे. मागच्या बाजूला तो शब्द कोणत्या गावात, कोणाच्या तोंडून, कोणत्या वाक्यात ऐकला याची नोंद, आणि पुष्कळदा दुसऱ्या तपासनिसाने पेन्सिलीने लिहिलेली शंका. संगणक आल्यावर पुढची बाजू टंकित झाली, मागची ‘वेळखाऊ’ म्हणून सोडून दिली गेली. आमच्या प्रकल्पप्रमुखांनी नंतर त्या चिठ्ठ्यांच्या पेट्या रद्दीत काढल्या. मी बैठकीत विरोध केला, लेखी पत्रही दिले; ‘सगळे संगणकात आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे एकाच शब्दाचे दोन गावांतले दोन अर्थ समोर आले की ते तपासायला आधारच उरला नाही, आणि अशा नोंदी शेवटी अंदाजाने मिटवाव्या लागल्या. हे मला आजही सहन होत नाही.

क्रमाचीही तीच कथा. पहिली यादी छापून आली तेव्हा ‘काळजी’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी बसला होता, कारण युनिकोड या संगणकाच्या अक्षरक्रमांकांच्या यादीत ळ हे अक्षर ल ला लागून, म्हणजे व च्या आधी येते, आणि आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. संगणक चुकत नसतो, असे तेव्हा मला ऐकवण्यात आले. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित करता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात, त्यामुळे एकाचा शोध घेतला की दुसऱ्याची उदाहरणे निसटतात. मराठी वाचणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय अशा गोष्टी कोणाच्या ध्यानात येणार?

ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर उभी राहून १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८० च्या दशकात तो सारा छापील मजकूर संगणकावर उतरवला गेला आणि १९८९ मध्ये २० खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तरी जुन्या चिठ्ठ्या त्यांनी जपल्या. पुण्यात डेक्कन कॉलेजचे संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांमधून टिपलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे आजही सांभाळलेल्या आहेत. त्या कोशाच्या संथपणावर टीका करणाऱ्यांनी आधी ते दालन पाहून यावे.

यंत्राशी माझे वैर नाही, हेही सांगितले पाहिजे. ळ चा योग्य क्रम संगणकाला शिकवता येतो, आणि लाखो वाक्यांतून एखाद्या शब्दाची उदाहरणे काढण्याचे काम माणसाने हाताने करण्यात अर्थ नाही. मात्र ही वाक्ये बहुतेक वर्तमानपत्रांतली आणि पुस्तकांतली असतात. धनगराच्या किंवा कोळ्याच्या बोलण्यातले जे कधी छापलेच गेले नाही, ते ऐकायला कोणीतरी गावात गेलेच पाहिजे. तेव्हा कोशकार हवेतच.

तुम्ही स्वतः अशा कामात उतरणार असाल, तर चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन घ्या, प्रत्येक नोंदीला त्या चित्राचा क्रमांक जोडा, आणि मूळ चिठ्ठ्या रद्दीत देण्याचा अधिकार कोणा एका प्रमुखाकडे राहणार नाही, अशी अट प्रकल्पाच्या करारातच लिहून घ्या.