पंचेचाळिशीनंतरचा ताण मोटरसायकल चालवल्याने खरंच कमी होतो का?

हो, होतो, पण ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये नाही, मोकळ्या रस्त्यावर. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात अनुभवी चालकांनी 20 मिनिटं गाडी चालवल्यावर ताणाशी निगडित संप्रेरकांचं प्रमाण 28 टक्क्यांनी उतरलं. अभ्यासाचा खर्च मात्र हार्ले-डेव्हिडसन या मोटरसायकल कंपनीचा होता, हे ध्यानात ठेवा. कारण साधं आहे: वळणाआधी ब्रेक, मग गिअर खाली, नजर वळणाच्या टोकाला, एवढं सांभाळताना कर्जाचा हप्ता डोक्यात घोळत नाही. पुण्यात असाल तर सकाळी उजाडल्यावर मुळशीकडे निघा. टायर गार असतानाच हवा तपासा. हँडल आवळून धरू नका, कोपर सैल ठेवा. नाहीतर मान आणि मनगटं धरतात. झोपेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, सकाळीही गुंगी उरलेली असू शकते.